वेबिनार नको, सहा आठवडे सोबतचे काम हवे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या जिल्हा पुरवणीत अध्यापक महाविद्यालयांच्या आंतरराष्ट्रीय वेबिनारच्या बातम्या अधूनमधून येतात. परदेशातला एक वक्ता, मागे फ्लेक्स, दीड-दोनशे नोंदण्या, शेवटी गुगल फॉर्म आणि ई-प्रमाणपत्र असा त्यांचा ठरलेला साचा असतो. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत एका पानाची भर पडते. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरची निवड मात्र अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर होते, तिथे या प्रमाणपत्राला कोणी विचारत नाही. आणि आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावासाठी, पुसद किंवा आर्वीकडच्या दोनशिक्षकी शाळेत गेलेल्या छात्राध्यापकाला चार वर्ग एका खोलीत घेताना त्या वेबिनारचा काडीचा उपयोग होत नाही.

त्याच इंटरनेटवर, त्याहून कमी डेटात, खरोखर उपयोगी पडणारे काम करता येते. ते कसे करायचे आणि कुठे फसते, हे थोडे तपशिलात लिहिण्यासाठी हे पत्र.

दोन देशांतल्या दोन अध्यापक महाविद्यालयांचे विद्यार्थी लहान मिश्र गटांत सहा ते आठ आठवडे एकाच कामावर बसतात. ते काम दोन्हीकडच्या अभ्यासक्रमाचा भाग असते, दोन्हीकडे त्याला गुण असतात आणि दोन्हीकडचे प्राध्यापक शेवटपर्यंत सोबत असतात. जगात याला व्हर्च्युअल एक्स्चेंज म्हणतात. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने २००६ मध्ये यासाठी कॉइल नावाचे केंद्रच काढले. त्याआधी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत ‘कल्चुरा’ नावाचा प्रयोग सुरू झाला होता. अमेरिकी आणि फ्रेंच विद्यार्थ्यांनी एकच प्रश्नावली आपापल्या भाषेत भरायची, मग दोन्ही उत्तरे शेजारी-शेजारी ठेवून चर्चा करायची, असा तो प्रकार. आणखी मागे गेले तर फ्रान्समधले सेलेस्तँ फ्रेने हे खेड्यातले शिक्षक १९२०च्या दशकात आपल्या वर्गातल्या मुलांचे छापलेले मजकूर दुसऱ्या टोकाच्या ब्रिटनी प्रांतातल्या शाळेला टपालाने पाठवत आणि तिकडचे मागवत. म्हणजे मुळात हे काम खेड्यातून सुरू झालेले आहे. वेगवान इंटरनेट ही त्याची अट कधीच नव्हती.

शिक्षक-प्रशिक्षणापुरते बोलायचे तर युरोपात २०१७ ते २०१९ या काळात ‘इव्हॅल्युएट’ हा मोठा प्रकल्प झाला. त्यात हजाराहून अधिक विद्यार्थी-शिक्षकांनी भाग घेतला. तिथे कामाच्या तीन पायऱ्या होत्या: आधी एकमेकांची आणि एकमेकांच्या शाळांची माहिती, मग दोन्हीकडच्या गोष्टींची तुलना, आणि शेवटी मिळून काहीतरी तयार करणे. हा क्रम आपल्याकडेही तसाच घ्यावा. आपल्याकडची गफलत अशी की पहिल्याच पायरीवर चार आठवडे जातात. नऊवारी, पोळा, झाडीपट्टी, त्यांचा नाताळ, त्यांची नृत्ये, सगळ्यांचे ‘व्हेरी नाइस’, आणि संपले. ओळखीला एक आठवडा पुरे.

जोडीदार संस्था निवडताना मोठ्या नावाच्या मागे लागू नये. राजधानीतल्या प्रसिद्ध विद्यापीठाशी करार करण्यात प्रतिष्ठा असेल, पण तिथल्या विद्यार्थ्यांना वीस पटाची शाळा ठाऊक नसते. ज्यांच्यापुढे आपल्यासारखाच प्रश्न आहे असे जोडीदार शोधावेत. स्पेनच्या ग्रामीण भागात १९८०च्या दशकापासून अनेक गावांच्या छोट्या शाळा मिळून कागदोपत्री एक शाळा होते. मुले आपापल्या गावातच शिकतात आणि संगीत, इंग्रजी, शारीरिक शिक्षण यांचे शिक्षक गावोगाव फिरतात. आपल्याकडे २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले गेले. त्यात मुलांनी एका ठिकाणी यायचे होते. शिक्षक फिरवावा की मूल फिरवावे, या प्रश्नावर आपल्या आणि त्यांच्या भावी शिक्षकांनी सहा आठवडे घासाघीस केली तर त्यातून जे निघेल ते कोणत्याही वेबिनारमध्ये निघणार नाही. कोलंबियात १९७०च्या दशकात खेड्यातल्या बहुवर्ग शाळांसाठी ‘एस्कुएला नुएवा’ ही पद्धत उभी राहिली. मुलांना स्वतः वाचून पुढे जाता येईल अशा कार्यपुस्तिका हा तिचा कणा. मेळघाटातली कोरकू, पांढरकवड्याकडची कोलामी, भामरागडची माडिया बोलणारी मुले पहिलीत मराठीला सामोरी जातात, त्या प्रश्नासाठी पेरूमधल्या केचुआ भाषकांच्या शाळा किंवा केनियातल्या शाळा अधिक जवळच्या.

पहिल्याच वर्षी एवढे लांब जायचे नसेल तर नेपाळ घ्यावा. घड्याळात फक्त पंधरा मिनिटांचा फरक, लिपी देवनागरी, हिंदीवर बरेचसे निभावते, आणि डोंगरातल्या लहान शाळांत बहुवर्ग अध्यापन रोजचेच. आंतरराष्ट्रीय म्हटले की पडद्यावर गोरा चेहराच हवा, हा हट्ट सोडला तर सुरुवात बरीच सोपी होते.

आता काम कोणते द्यायचे? सगळ्यात जास्त विचार इथे लागतो, आणि सगळ्यात कमी विचार इथेच होतो. ‘दोन देशांच्या शिक्षणपद्धतींची तुलना करा’ असा विषय दिला की दोन्हीकडून विकिपीडिया येतो. त्याऐवजी मुलांची वही मध्ये ठेवावी.

गणिताचे उदाहरण घेऊ. ५२ वजा २७ हे गणित दुसरी-तिसरीतल्या मुलांना दिले की काहींचे उत्तर ३५ येते. दोनातून सात जात नाहीत म्हणून मूल सातातून दोन काढते. ही चूक जगभर आढळते. आपण एक दशक सुटा करून हातचा घ्यायला शिकवतो. स्पेनमधल्या जुन्या वळणाच्या रीतीत वरचा दशक फोडत नाहीत: सातापासून बारापर्यंत पाच, मग खालच्या दोनात एक मिळवून तीन, तीनापासून पाचापर्यंत दोन, उत्तर २५. आपल्या छात्राध्यापकाला ही रीत का चालते हे पलीकडच्याला विचारावे लागते, आणि आपला हातचा का चालतो हे त्याला सांगावे लागते. सांगताना लक्षात येते की आपल्यालाही तो फक्त पाठ होता. भागाकाराची मांडणीही तशीच. आपण भाजक डावीकडे लिहितो, ते उजवीकडे. दशांश चिन्हासाठी ते स्वल्पविराम वापरतात, म्हणून त्यांचे ३,५ म्हणजे साडेतीन. मोठी संख्या लिहिताना हजारांच्या पुढे आपण दोन-दोन अंकांनंतर स्वल्पविराम देतो, ते तीन-तीन अंकांनंतर टिंब देतात किंवा जागा सोडतात. हे फरक आधी ठाऊक नसले तर संयुक्त पाठ तयार करताना दोन्हीकडून ‘तुमचे चुकले’ असे निरोप जातात.

दुसरे काम संख्यावाचनाचे. ‘एकोणतीस’ लिही म्हटले की कानावर तीस पडल्यामुळे मूल ३९ लिहिते. ‘त्रेपन्न’चे ३५ होतात, कारण आधी तीन ऐकू येते आणि मग पन्नास. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन आले तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. बाजूने आणि विरुद्ध बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी मुलांच्या वह्या पाहिल्या होत्या. जर्मन भाषेतही एकक आधी आणि दशक नंतर बोलतात. फ्रेंचमध्ये ऐंशीला ‘चार विसा’ म्हणतात. इंडोनेशियाच्या भाषेत मात्र एकवीस म्हणजे सरळ ‘दोन दहा एक’. तेव्हा प्रत्येक बाजूने दुसरीच्या दहा मुलांना त्याच वीस संख्यांचे श्रुतलेखन द्यावे, चुका मोजाव्यात, तक्ता समोरासमोर ठेवावा आणि मग दोघांनी मिळून एक तासिकेचा पाठ लिहावा. हे काम शंभर टक्के वर्गातले आहे आणि त्याला सुंदर इंग्रजी लागत नाही. आकडे आणि वहीचे फोटो बरेचसे बोलतात.

भाषेच्या बी.एड.वाल्यांसाठी तिसरे एक काम चांगले जमते. दोन्हीकडच्या दुसरीच्या पाठ्यपुस्तकातले प्रत्येकी एक पान घ्यावे. त्यात किती शब्द मुलाच्या घरात बोलले जात नाहीत ते प्रत्येकाने अधोरेखित करावे. वऱ्हाडी बोलणाऱ्या घरातले आणि गोंडी बोलणाऱ्या घरातले पान वेगळे रंगते, हे आधी आपल्याच गटातल्यांना दिसते, परदेशातल्यांना नंतर.

माणसांचे गणित. बी.एड.ची एक तुकडी ५० जणांची. जोडीदाराच्या वर्गात बहुधा १८ ते २५ जण असतात. ५० विरुद्ध १८ असे गट केले की सहा गटांत प्रत्येकी आपले आठ-नऊ जण तिघा परदेशी विद्यार्थ्यांना घेरून बसतात, सगळे त्यांच्याशी बोलू पाहतात आणि ते दुसऱ्या आठवड्यात गप्प होतात. तीनास तीन हे प्रमाण सोडू नये. पलीकडे १८ असतील तर सहा गट होतात, म्हणजे आपले बोलणारे १८. उरलेल्यांना प्रत्येक गटामागे पाच-सहा असे वाटावे. शाळेत जाऊन श्रुतलेखन घेणे, चुकांचा तक्ता करणे, पाठ वर्गात घेऊन पाहणे ही कामे त्यांची. गुणही त्याच कामाचे. बोलणारे तिघे मध्येच बदलण्याचा मोह टाळावा. पलीकडच्याला दर आठवड्याला नवा चेहरा दिसला की ओळख परत पहिल्यापासून सुरू होते. आणि हे तिघे ‘इंग्रजी चांगले असलेले’ म्हणून निवडू नयेत. चिठ्ठ्या टाकाव्यात.

वेळ ठरवताना घड्याळासोबत एसटीही पाहावी लागते. आपल्याकडे प्रशिक्षणार्थींत मुली आणि लग्न झालेल्या स्त्रिया पुष्कळ आहेत. पाचच्या बसनंतर कोणी थांबू शकत नाही, आणि घरी गेल्यावर स्मार्टफोन नवऱ्याच्या किंवा भावाच्या हातात असतो. म्हणून प्रत्यक्ष भेट महाविद्यालयाच्या वेळेतच व्हावी. दुपारी अडीच ही वेळ बरी पडते: तेव्हा केनियात बारा वाजलेले असतात, हिवाळ्यात स्पेनमध्ये दहा आणि उन्हाळ्यात अकरा. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातात. आपल्याकडे ही भानगड नाही, म्हणून ती हमखास विसरली जाते आणि एक बाजू तासभर रिकाम्या पडद्याकडे पाहत बसते. वेळ लिहिताना नेहमी दोन्ही ठिकाणची लिहावी. कोलंबिया आणि पेरूशी साडेदहा तासांचा फरक आहे. तिथे प्रत्यक्ष भेटीचा नाद सोडून निरोपांवर आणि ध्वनिमुद्रित बोलण्यावरच काम चालवावे.

महिने निवडताना ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडावेत. सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी आणि दिवाळी एकामागून एक येतात, हजेरी अर्ध्यावर येते. डिसेंबरच्या उत्तरार्धात त्यांचा नाताळ. फेब्रुवारीचा पहिला आठवडा ते मार्चचा मध्य ही सहा आठवड्यांची पट्टी दोन्हीकडे मोकळी सापडते. स्पेनमध्ये तेव्हा दुसरे सत्र नुकते सुरू झालेले असते, घड्याळबदल अजून पुढे असतो आणि आपल्याकडे कूलर लागलेले नसतात.

कूलरचा उल्लेख सहज केलेला नाही. मार्चनंतर एखाद्या खोलीत डेझर्ट कूलर चालू असला की मोबाइलच्या माइकला माणसाचा आवाज वेगळा काढता येत नाही, आणि बंद केला तर बसवत नाही. आवाजाची दुसरी अडचण अधिक मोठी. एका हॉलमध्ये सहा गट सहा फोनवर बसवले की एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जातो, गट एकाच बैठकीत असतील तर कर्णकर्कश शिट्टीही सुरू होते. गट वेगवेगळ्या खोल्यांत, व्हरांड्यात, प्रयोगशाळेत बसवावेत. तिघांत एक फोन, त्याला दोन-तीन इअरफोन जोडता येतील अशी विभाजक पिन. ती मोबाइलच्या कोणत्याही दुकानात स्वस्तात मिळते. बोलणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी नको, नाहीतर चेहरा काळा दिसतो.

डेटाचा हिशोब घाबरण्यासारखा नाही. गट-व्हिडिओला येताना आणि जाताना मिळून सेकंदाला साधारण १.२ मेगाबिट लागतात असे धरले तर ४० मिनिटांना ३६० एमबी होतात. व्हिडिओ बंद करून फक्त आवाज ठेवला तर तीच ४० मिनिटे २५ ते ५० एमबीत बसतात. पहिली दोन-तीन मिनिटे तोंडे दिसू द्यावीत, मग कॅमेरा बंद. रोजच्या दीड जीबीच्या रिचार्जवर हे सहज निभते. महाविद्यालयाचे वायफाय साठ जणांनी एकदम वापरून कोसळवण्यापेक्षा हेच बरे. झूमचे मोफत खाते ४० मिनिटांनी बैठक तोडते, गुगल मीटचे तिघे किंवा अधिक असतील तर ६० मिनिटांनी. ही मर्यादा अडचण मानू नये. चाळीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ परक्या भाषेत नेटाने बोलणे तसेही जमत नाही. पाच मिनिटे आवाज जुळवायला, दहा मिनिटे गेल्या आठवड्याच्या कामावर, वीस मिनिटे एकाच ठरलेल्या प्रश्नावर, पाच मिनिटे पुढचे काम कोण करणार यावर. प्रश्न तीन दिवस आधी लेखी गेलेला असावा.

सहा आठवड्यांत अशा भेटी दोन किंवा तीनच असाव्यात. बाकीचे काम लिहून आणि एक-दीड मिनिटाच्या ध्वनिमुद्रित निरोपांतून. लाइट गेली आणि इन्व्हर्टर बसला तर काय, हे पहिल्या दिवशीच ठरवून ठेवावे: दहा मिनिटांत संपर्क परत आला नाही तर भेट रद्द न मानता दोन्ही बाजूंनी त्याच प्रश्नाचे उत्तर ध्वनिमुद्रित करून त्याच दिवशी सामायिक फोल्डरमध्ये टाकायचे. लाइट फार वेळ गेली की मोबाइलचा टॉवरही बसतो, त्यामुळे फोनचा डेटा हा पर्याय नेहमी पुरत नाही. हे पलीकडच्यांना आधी सांगितलेले नसेल तर ते आपल्या गप्प राहण्याचा अर्थ बेफिकिरी असा लावतात, आणि अनेक प्रकल्प तिथेच मोडतात. निरोपाला ७२ तासांत निदान एका ओळीचे उत्तर, हा नियम दोन्हीकडे लावावा.

निरोपांसाठी व्हॉट्सॲप गट करायची सवय आपल्याला आहे, पण इथे तो करू नये. गटातल्या सगळ्यांना सगळ्यांचे मोबाइल क्रमांक दिसतात. आपल्या मुलींच्या घरी ते खपत नाही आणि युरोपातल्या संस्थांना त्यांच्या माहिती-संरक्षणाच्या कायद्यामुळे चालत नाही. मान्यताप्राप्त संस्थेला गुगल वर्कस्पेसची शिक्षणासाठीची मूळ आवृत्ती मोफत मिळते. तिच्यावर प्रत्येक गटाचे एक खाते काढावे आणि त्याचा पासवर्ड प्राध्यापकांकडेही असावा.

शाळेतल्या मुलांबाबत नियम कडकच हवा. चेहरा नाही, नाव नाही, शाळेची पाटी नाही. वहीच्या पानाचा फोटो काढताना वरचे नाव कागदाने झाकावे. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांचे मराठीतले संमतिपत्र आधी घ्यावे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती अनिवार्य मानली आहे. पोषण आहाराच्या रांगेचे, अनवाणी पायांचे फोटो पाठवण्याची हौस काही जणांना असते. पलीकडे त्याने फक्त कणव उत्पन्न होते, आणि एकदा कणव आली की बरोबरीने काम होत नाही.

यालाच लागून एक अवघड बाब. पलीकडचे विद्यार्थी ओळखीच्या आठवड्यात इंटरनेटवर ‘विदर्भ’ शोधतात आणि त्यांना शेतकरी आत्महत्या सापडतात. मग पहिल्या भेटीत तोच प्रश्न येतो. गटात बसलेल्या एखाद्याच्या घरातच ते घडलेले असू शकते. प्राध्यापकांनी दोन्ही बाजूंना आधीच सांगून ठेवावे की हा प्रश्न विचारायला बंदी नाही, पण उत्तर देण्याची सक्तीही नाही. तसेच शिक्षेचे. ‘तुमच्याकडे मुलांना मारतात का?’ असे विचारले की आपला विद्यार्थी देशाची अब्रू सांभाळायला लागतो आणि सरळ नाही म्हणतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे आणि तरीही छडी पूर्णपणे गेलेली नाही, या दोन्ही गोष्टी एका वाक्यात सांगता येणे हे शिक्षकाचे शिक्षणच आहे. पलीकडच्यांच्याही शाळांत झाकलेले काही ना काही असते. प्रत्येक भेटीनंतर आपल्या वर्गात मराठीतून अर्धा तास बसून काय बोलले गेले, कोण गप्प राहिले, कुठे गैरसमज झाला, हे उकलणे ज्यांना जमत नाही त्यांनी हा उपक्रम हाती न घेतलेला बरा. खरे शिकणे निम्म्याहून अधिक या अर्ध्या तासात होते.

इंग्रजीची भीती हे सगळ्यात जास्त ऐकू येणारे कारण. तिचा उपाय जोडीदार निवडण्यातच आहे: ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही असे जोडीदार घ्यावेत. स्पेन, तुर्कस्तान, इंडोनेशिया इथल्या भावी शिक्षकांचे इंग्रजीही शिकून आलेले असते. ते सावकाश बोलतात आणि चुकले तर हसत नाहीत. आधी लेखी, मग ध्वनिमुद्रित, मग प्रत्यक्ष हा क्रम ठेवला की विद्यार्थ्याला तयारीला वेळ मिळतो. भाषांतराचे ॲप वापरू द्यावे, मात्र ॲपने दिलेले वाक्य परत मराठीत उलटवून पाहायला शिकवावे. ‘पाठ घेणे’, ‘हातचा’, ‘टाचण’ (पाठाची लेखी आखणी) यांचे ॲप काय करील याचा नेम नसतो. अशा वीस-पंचवीस संज्ञांची दोन्ही भाषांतली यादी पहिल्याच आठवड्यात करून घेतली की पुढचा बराच गोंधळ टळतो.

गुणांशिवाय हे चालत नाही. त्यांच्याकडे श्रेयांक आणि आपल्याकडे ‘ऐच्छिक उपक्रम’ असेल तर तिसऱ्या आठवड्यात आपली बाजू ओस पडते. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या चिकित्सक आकलनाचा कार्यात्मक विषय आहे, पहिल्या वर्षी चार आठवड्यांचा शालेय अनुभव आहे, दुसऱ्या वर्षी सोळा आठवड्यांची आंतरवासिता आहे. या तिन्हींच्या अंतर्गत मूल्यमापनात हे काम बसते. नवा विषय मागण्याची गरज नाही. २० गुण असतील तर पाच नियमितपणाला, पाच चर्चेच्या नोंदींना आणि दहा पाठाला द्यावेत. पाठाचे तीन कागद मागावेत: पहिले टाचण, त्यावर जोडीदाराचे शेरे, आणि वर्गात घेऊन आल्यावर बदललेले टाचण, बदलाच्या कारणासह. इंग्रजीला एकही गुण ठेवू नये. शेवटी सुबक पीपीटीही मागू नये. ती एक जण रात्रीत करतो आणि बाकीचे नाव लावतात.

नागपूर, अमरावती आणि गोंडवाना या तिन्ही विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र अभ्यास मंडळांना आमची विनंती एवढीच: अंतर्गत गुणांत असे काम ग्राह्य धरावे, असे एका परिपत्रकाने स्पष्ट करावे. आज एखाद्या प्राध्यापकाने करायचे ठरवले तरी ‘नियमात कुठे आहे?’ या प्रश्नावर ते अडते. प्राथमिक शिक्षकांच्या डी.एल.एड. पदविकेसाठी हेच काम जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांना करता येईल. केंद्र शाळा आणि शिक्षण परिषदा त्यांच्या हाताशीच आहेत. आणि आपल्या वार्ताहरांना विनंती की पुढच्या वेळी अशा उपक्रमाची बातमी देताना किती देश सहभागी झाले याऐवजी किती आठवडे काम झाले आणि शाळेतल्या कोणत्या वर्गात पाठ घेतला गेला, हे विचारावे.

ज्यांना येत्या फेब्रुवारीत सुरुवात करायची आहे त्यांनी जोडीदाराला पत्र सप्टेंबर संपायच्या आत पाठवावे. परदेशी संस्थांत सत्राची रूपरेषा आधीच ठरते आणि नंतर त्यात जागा करता येत नाही. व्हर्च्युअल एक्स्चेंज करणाऱ्यांची युनिकोलॅबोरेशन ही संघटना आणि कॉइल यांच्या जाळ्यांतून जोडीदार शोधता येतात. पत्र एका पानाचे असावे आणि त्यात आपले किती विद्यार्थी, कोणत्या वर्षाचे, कोणते सहा आठवडे, कोणती वेळ, कोणते एक काम, आपल्याकडे किती गुण आणि वीज गेली तर काय करणार, एवढे स्पष्ट लिहिलेले असावे. महाविद्यालयाचा इतिहास आणि संस्थाध्यक्षांचा फोटो त्यात घालू नये. उत्तर आले की दोन्हीकडच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना मध्ये आणण्याआधी आपसांत निदान तीनदा बोलून घ्यावे, आणि तेच श्रुतलेखन स्वतः आपापल्या गावच्या शाळेत एकदा घेऊन पाहावे.

आपले,
अध्यापक महाविद्यालये व अध्यापक विद्यालयांतील काही प्राध्यापक
(यवतमाळ, वर्धा, अमरावती व गडचिरोली जिल्हे)